बोलावणे न आलेली विजेती

मेक्सिको शहरातील ऑलिंपिकच्या मैदानावर १६ ऑक्टोबर १९६८ या दिवशी टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे दोन कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटू पदके घेण्यासाठी चौथऱ्यावर उभे राहिले आणि राष्ट्रगीत सुरू होताच त्यांनी मान खाली घालून, काळा हातमोजा घातलेली मूठ वर उचलली. ते छायाचित्र आपणांपैकी पुष्कळांनी कोठे ना कोठे पाहिले असेल. कामगार संघटनांच्या कचेऱ्यांत भिंतीवर लावलेले तर मी ते अनेकदा पाहिले आहे. त्याच मैदानावर आदल्याच दिवशी, म्हणजे १५ ऑक्टोबरला, त्याच देशाच्या एका कृष्णवर्णीय तरुणीने शंभर मीटरची शर्यत लागोपाठ दुसऱ्या ऑलिंपिकमध्ये जिंकली. १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक सुरू झाल्यापासून बहात्तर वर्षांत ही गोष्ट कोणा पुरुषाला साधली नव्हती. आणि १९२८ साली स्त्रियांना या शर्यतीत प्रवेश मिळाल्यापासून कोणा स्त्रीलाही साधली नव्हती. तिचे नाव वायोमिया टायस. तिचे छायाचित्र कोणत्याही कचेरीच्या भिंतीवर मी पाहिलेले नाही.

मी काही इतिहासाचा पंडित नव्हे, आणि खेळातला जाणकार तर मुळीच नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि संघटनेच्या कचेरीत पुष्कळ झाले. परंतु लढे कसे उभे राहतात आणि ते संपल्यावर त्यांत कोणाची नावे उरतात, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. त्या प्रश्नाच्या दृष्टीने या धावपटूच्या आयुष्याकडे पाहावे, एवढाच आजचा विषय आहे.

वायोमियाचा जन्म २९ ऑगस्ट १९४५ चा, अमेरिकेच्या दक्षिण भागातील जॉर्जिया राज्यात, ग्रिफिन या गावी. ग्रिफिन हे कापडगिरण्यांचे गाव. गिरणीचे गाव म्हटले की भोंगा, पाळ्या आणि गिरणीच्या पगारावर चालणारी बाजारपेठ हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु अमेरिकेच्या दक्षिणेतील गिरणीत एक भिंत अशी होती, की जी आपल्याकडील जातींच्या भिंतींची आठवण करून द्यावी. साच्यावर आणि मागावर काम करायचे ते गोऱ्यांनी. काळ्या माणसाला गिरणीत घेतलेच तर झाडलोट, गाठी उचलणे, आवारातली हमाली अशा कामांवर घेत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील वर्णभेद बेकायदा ठरविला, तोवर सर्वसाधारण वहिवाट हीच होती. म्हणजे ज्या वर्षी वायोमियाने पहिले सुवर्णपदक मिळविले, त्याच वर्षी तिच्या लोकांना मागावर उभे राहण्याचा कायदेशीर हक्क मिळाला.

तिचे वडील विली टायस एका दुधाच्या गोठ्यावर कामाला होते. आई मेरी कपडे धुण्याच्या दुकानात काम करी. तीन भाऊ आणि पाठची ही एकटी मुलगी. गोऱ्या मुलांची शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, पण हिला बसने तासभर प्रवास करून काळ्यांच्या शाळेत जावे लागे. घरात मात्र वडिलांचा एक नियम होता. भाऊ खेळायला निघाले की बहिणीला बरोबर घ्यायचे, आणि तिला खेळात घ्यायची नसेल तर कोणीच खेळायचे नाही. त्या काळी, त्या परिस्थितीत, एका गोठ्यावरच्या मजुराने हा नियम घालून दिला होता.

तिच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी घराला आग लागून सारे जळून गेले, आणि त्यानंतर थोड्याच काळात वडील वारले. ही मुलगी जवळजवळ अबोल झाली. कोणी काही विचारले तर एकेका शब्दात उत्तर देई. उरले होते ते धावणे. शालेय स्पर्धेत तिला एका माणसाने पाहिले, आणि १९६१ च्या उन्हाळ्यात तिला शिबिरासाठी नॅशव्हिलला बोलावून घेतले. तो माणूस म्हणजे एड टेंपल.

टेंपल हे टेनेसी राज्यातील कृष्णवर्णीयांच्या सरकारी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत आणि मुलींच्या धावण्याच्या संघाला तयार करीत. त्या संघाला ‘टायगरबेल्स’ असे नाव पडले होते. मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याची पद्धत त्या वेळी अमेरिकेत जवळजवळ नव्हतीच. तेव्हा टेंपल यांच्या मुली शिकत त्या काम करून. रोज दोन तास विद्यापीठाच्या आवारात नेमून दिलेले काम करायचे, त्याच्या मोबदल्यात फी आणि जेवणखाण. त्याशिवाय वर्ग, आणि त्याशिवाय सराव. उन्हाळी शिबिरात तर दिवसातून तीन वेळा सराव असे, आणि पहिला पहाटेच सुरू होई. परगावच्या स्पर्धांना मोटारीने जाताना दक्षिणेतील उपाहारगृहांत आणि शौचकूपांत त्यांना प्रवेश नसे. डबा बरोबर घ्यायचा, आणि बाकीच्या गरजांसाठी रस्त्याकडेचे शेत.

श्रोतेहो, ज्याला आपण ‘हौशी खेळाडू’ म्हणतो त्या शब्दाचा अर्थ या ठिकाणी नीट पाहण्यासारखा आहे. त्या काळच्या ऑलिंपिकच्या नियमाप्रमाणे खेळाडूने खेळापासून एक पैही मिळवायची नसे. घरचे खाऊन खेळणाऱ्या श्रीमंताला या नियमाची झळ लागत नसे. आई परक्याचे कपडे धुते आणि मुलगी दोन तास राबून जेवते, तिच्या बाबतीत हा नियम म्हणजे विनावेतन कामच ठरतो. पदक देशाच्या खाती जमा, आणि खर्च मुलीच्या नावे!

तरीही या विद्यापीठाने जे उभे केले ते आश्चर्यकारक आहे. टेंपल यांच्या हाताखालून चाळीस ऑलिंपिक खेळाडू गेल्या आणि त्यांनी तेवीस पदके मिळविली. त्यांपैकी एक सोडून बाकी सर्वजणींनी पदवी घेतली, याचा त्यांना पदकांइतकाच अभिमान होता. १९६० साली रोमला विल्मा रुडॉल्फने तीन सुवर्णपदके मिळविली; त्यांतले एक रिले शर्यतीचे होते, आणि त्या रिलेतील चारही मुली याच एका विद्यापीठाच्या होत्या. वायोमिया आली ती या परंपरेत, सर्वांत धाकटी म्हणून.

१९६४ साली टोकियोला जाताना संघाची आशा एडिथ मॅग्वायर हिच्यावर होती. एडिथ वायोमियाची मैत्रीण, वडील बहिणीसारखी. खुद्द टेंपल यांनी वायोमियाला सांगितले होते, की तुझे वर्ष अडुसष्टचे, आता फक्त अनुभव घे. पण पात्रता फेऱ्यांतच या एकोणीस वर्षांच्या मुलीने ११.२ सेकंदांची वेळ देऊन विल्माच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली, आणि १६ ऑक्टोबरला अंतिम शर्यत ११.४ सेकंदांत जिंकली. एडिथ दुसरी आली, आणि पुढे तिने दोनशे मीटरचे सुवर्णपदक घेतले. रिलेत अमेरिकेला पोलंडच्या मागोमाग रौप्यपदक मिळाले. पोलंडच्या त्या संघातील एव्हा क्लोबुकोव्स्का हिला १९६७ साली लिंगचाचणीत नापास ठरवून खेळाबाहेर काढण्यात आले, हेही येथे सांगून ठेवतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून ही चाचणी स्त्रियांना लागू झाली. पुरुषाने जिंकले तर तो वीर. स्त्रीने जिंकले तर आधी ती स्त्री असल्याचा दाखला आणा, असा तो न्याय होता.

टोकियो आणि मेक्सिको या दोन ऑलिंपिकांमधली चार वर्षे अमेरिकेत कशी गेली, हे कळल्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला, १९६५ मध्ये मतदानाचा. पण कायदा पुस्तकात येणे आणि उंबऱ्यावर येणे यांत अंतर असते, ते आपल्याला ठाऊकच आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये टेनेसी राज्यातील मेंफिस शहरात कचरा वाहणारे दोन कृष्णवर्णीय कामगार कचरागाडीच्या यंत्रात सापडून चिरडले गेले, आणि सुमारे तेराशे सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या छातीवरील फलकांवर चारच इंग्रजी शब्द होते; त्यांचा अर्थ ‘मी माणूस आहे’. या संपाला पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग मेंफिसला गेले, आणि तेथेच ४ एप्रिल रोजी त्यांची हत्या झाली. त्या फलकाविषयी एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते. इंग्रजीत माणूस आणि पुरुष या दोहोंना तोच एक शब्द चालतो. लिहिणाऱ्याच्या मनात ‘माणूस’ असतो, आणि वाचणारा ‘पुरुष’ असे वाचतो.

ऑक्टोबर १९६७ मध्ये हॅरी एडवर्ड्स या तरुण प्राध्यापकाच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय खेळाडूंची एक चळवळ सुरू झाली होती. तिच्या मागण्या अशा होत्या : वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया यांना ऑलिंपिकबाहेर ठेवावे, मुष्टियोद्धा मुहम्मद अली याचे हिरावलेले अजिंक्यपद परत करावे, अधिक कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमावेत, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष अ‍ॅव्हरी ब्रंडेज यांना दूर करावे. मागण्या न्याय्य होत्या. त्या पदरात पडाव्यात म्हणून ऑलिंपिकवर बहिष्कार टाकावा असा विचार पुढे आला. त्यावर चर्चा झाल्या, सभा झाल्या, मते पडली. अखेर बहिष्कार बारगळला, आणि प्रत्येकाने आपापल्या परीने निषेध करावा असे ठरले.

या सर्व खटाटोपात कृष्णवर्णीय स्त्री-खेळाडूंना कोणी विचारले नाही. शंभर मीटरची विद्यमान ऑलिंपिक विजेती कृष्णवर्णीय होती, स्त्रियांच्या संघातील वेगवान धावपटू कृष्णवर्णीय होत्या. परंतु सल्लामसलतीत त्या नव्हत्या. पुरुषांनी आम्हांला गृहीत धरले, आमची स्वतंत्र बुद्धी आहे असे त्यांना वाटलेच नाही, असे वायोमियाने पुढे स्पष्टपणे सांगितले. आता यात कोणाचा दुष्टावा होता असे मला वाटत नाही. पुढाऱ्यांनी बायकांना वगळायचे असा ठराव केला नव्हता. त्यांना त्यांची आठवणच झाली नाही. जो स्वतः वगळला गेला म्हणून लढायला उठतो, त्याच्याही हातून वगळणे होते, आणि ते होताना त्याला कळत नाही. पण ज्याला वगळले त्याला दुष्टावा काय आणि विसर काय, परिणाम सारखाच.

मेक्सिकोत वातावरण तापलेले होते. ऑलिंपिकला दहा दिवस उरले असताना, २ ऑक्टोबरला, त्याच शहरात त्लातेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर लष्कराने गोळ्या झाडल्या आणि अनेकजण मारले गेले. १२ ऑक्टोबरला खेळांचे उद्घाटन झाले. पुरुषांसाठी मैदानी खेळांचे चोवीस प्रकार, स्त्रियांसाठी बारा. १५ तारखेला स्त्रियांच्या शंभर मीटरची अंतिम शर्यत. ११.१ सेकंदांचा जागतिक विक्रम ज्यांच्या नावे बरोबरीने लागला होता, अशा इतर धावपटूही या शर्यतीत होत्या. पावसाची चिन्हे होती. बाकीच्या धावपटू ताणाखाली असताना वायोमिया प्रारंभरेषेमागे त्या वेळच्या एका लोकप्रिय गाण्याच्या ठेक्यावर नाचून अंग मोकळे करीत होती. मग ती धावली, आणि ११.० सेकंदांचा नवा जागतिक विक्रम करून पहिली आली. विजेच्या घड्याळाने ती वेळ ११.०८ अशी नोंदली. तिच्याच देशाची बार्बरा फेरेल दुसरी, आणि पोलंडची इरेना शेविन्स्का तिसरी आली.

संघाचा ठरलेला वेष पांढऱ्या चड्डीचा होता. वायोमिया धावली ती गडद रंगाची चड्डी घालून. तो तिचा निषेध होता. कोणी सांगितला नव्हता, कोणाला विचारला नव्हता. प्रत्येकाने आपापल्या परीने करावे असे ठरले होते, आणि तिने आपल्या परीने केले. दुसऱ्या दिवशी मुठी वर गेल्या, त्याच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट आहे. परंतु तिच्या कपड्यांचा रंग कोणी पाहिला नाही, कारण कृष्णवर्णीय स्त्रीकडून काही म्हणणे येईल अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

स्मिथ आणि कार्लोस यांना संघातून काढून मायदेशी परत पाठविण्यात आले. इतर खेळाडूंनाही कडक ताकीद मिळाली. असे झाल्यावर २० ऑक्टोबरला स्त्रियांची चार गुणिले शंभर मीटर रिले शर्यत आली.

रिले शर्यतीत चौघींनी शंभर-शंभर मीटर धावायचे आणि हातातली पोकळ नळी, जिला बॅटन म्हणतात, ती पुढचीच्या हाती द्यायची. ती द्यायला त्या वेळी वीस मीटरांची ठराविक जागा असे. त्या जागेत दोघीही पूर्ण वेगात असतात. घेणारी मागे पाहत नाही, नुसता हात मागे करते. मागचीवर तिचा विश्वास नसेल तर ती बिचकते, आणि शर्यत तेथेच हातची जाते. कारखान्यात एका पाळीने दुसऱ्या पाळीकडे चालू यंत्र सोपवावे, तसाच हा प्रकार. एकटी कितीही वेगवान असो, येथे तिचे एकटीचे काही चालत नाही. त्या दिवशी बार्बरा फेरेलने सुरुवात केली. तिने बॅटन दिले सतरा वर्षांच्या मार्गारेट बेल्सकडे. मार्गारेटने मिल्ड्रेट नेटरकडे. आणि शेवटच्या टप्प्याला वायोमिया. ४२.८ सेकंद, नवा जागतिक विक्रम, सुवर्णपदक.

शर्यतीनंतर वार्ताहरांसमोर वायोमियाने जाहीर केले, की आमचा हा विजय आम्ही टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांना अर्पण करीत आहोत. ज्यांनी सभेला बोलावले नव्हते त्यांच्यासाठी, ते शिक्षा भोगून घरी गेल्यावर, ही तेवीस वर्षांची मुलगी उघडपणे उभी राहिली. रुसून बसण्याचा अधिकार तिला होता. तो तिने वापरला नाही. रागही गिळून टाकला नाही; तो तिने योग्य वेळी बोलून दाखविला. राग आणि एकजूट ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतात, हे संघटनेत वर्षे काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेतला पाहिजे. मूठ उचलणाऱ्या त्या दोघांनी फार मोठी किंमत दिली. त्यांना धमक्या आल्या, काम मिळेना, वर्षानुवर्षे हाल झाले. त्यांच्या शेजारी रौप्यपदक घेऊन उभा असलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन याने त्यांच्या चळवळीचा बिल्ला छातीवर लावला होता. त्यालाही मायदेशी टीका सोसावी लागली. मग त्यांची आठवण राहिली आणि टायसची राहिली नाही, यात अन्याय तो काय? शिवाय वर उचललेली मूठ लांबून दिसते, कपड्यांचा रंग दिसत नाही. हे खरे आहे, आणि त्या दोघांच्या वाट्याचा मान तीळभरही कमी करावा असे मी म्हणत नाही. परंतु निषेध दिसला नाही असे क्षणभर मानले, तरी विक्रम तर सर्वांना दिसला होता! लागोपाठ दोनदा शंभर मीटर जिंकणारी ती जगातली पहिली व्यक्ती होती, हे अधिकृत नोंदीत लिहिलेले होते. तिच्यानंतर वीस वर्षांनी, १९८८ साली सोलला, कार्ल लुईस याला दुसरे सुवर्णपदक मिळाले. तेही पहिल्या आलेल्या बेन जॉन्सनला उत्तेजक औषधापायी बाद केल्यावर. लुईस हा असे करणारा पहिला पुरुष. पण पुष्कळांच्या तोंडी त्यातला ‘पुरुष’ हा शब्द गळून गेला आणि तो नुसता ‘पहिला’ झाला. मेंफिसच्या फलकावरील शब्दाविषयी मी मघाशी म्हणालो, त्याचीच ही दुसरी बाजू.

मेक्सिकोनंतर ती हौशी खेळातून निवृत्त झाली. १९७३ मध्ये अमेरिकेत धावपटूंना पैसे देणारी व्यावसायिक स्पर्धामाला निघाली, तेव्हा ती पुन्हा धावली. पहिल्या वर्षी अठरापैकी आठ शर्यती तिने जिंकल्या, आणि १९७४ साली ज्या बावीस शर्यतींत उतरली त्या सर्व जिंकल्या. आपल्या श्रमाचा दाम तिला मिळाला तो येथे, जगातील सर्वांत वेगवान स्त्री ठरल्यानंतर इतक्या वर्षांनी. ती स्पर्धामाला १९७६ साली बंद पडली. टेनिसपटू बिली जीन किंग हिने स्त्री-खेळाडूंच्या हक्कांसाठी १९७४ साली जी संस्था काढली, तिच्या संस्थापकांत वायोमिया होती. म्हणजे पुढच्या वेळी सभेचे बोलावणे पाठविणाऱ्यांतच ती बसली. पुढे लॉस एंजेलिसच्या शाळांतील मुलांना रानावनात नेऊन निसर्ग शिकविण्याचे काम तिने केले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ध्वज वाहून नेणाऱ्यांत ती होती. १९९९ साली ग्रिफिन गावी तिच्या नावाचे मोठे उद्यान झाले, आणि २०१८ साली तिचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले.

इतिहासाची व्याख्याने ऐकून आपण घरी जातो, आणि थोर माणसांविषयी आदर वाढला एवढ्यावर समाधान मानतो. आज तेवढ्यावर थांबू नये, अशी माझी विनंती आहे. आपल्या गावात संस्था पुष्कळ आहेत : कामगारांच्या, सहकारी, शिक्षणाच्या, या व्याख्यानमालेसारख्याही. प्रत्येक संस्थेत सभेच्या आधी एक कागद तयार होतो, कोणाकोणाला निरोप धाडायचा त्याचा. विडी वळणाऱ्या, शाळेत खिचडी शिजविणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या बायका मोर्चात सर्वांच्या पुढे चालतात हे आपण दरवर्षी पाहतो. मागणीपत्र ठरविण्याच्या बैठकीला त्यांतल्या किती जणींना निरोप गेला, तो कागद काढून एकदा मोजावे. हे काम अवघ्या पाच मिनिटांचे आहे.